प्लॅस्टिकबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

ओला-सुका कचरा वेगळा कसा ठेवायचा हे सांगायला मी सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये, बचत गटांच्या बैठकांना जाते. त्याआधी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. दोन्हीकडे लोकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

प्लॅस्टिक म्हणजे नेमकं काय?

एकाच प्रकारचे छोटे रेणू हजारोंच्या संख्येनं एकमेकांना जोडले की लांबलचक साखळी तयार होते. तिला मराठीत बहुवारिक म्हणतात. कापूस, लोकर आणि रबराचा चीक ही निसर्गातली बहुवारिकं. बहुतेक प्लॅस्टिक मात्र खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून कारखान्यात बनतं. मुंबई हायच्या समुद्रातला वायू उरणमार्गे नागोठण्याला जातो आणि तिथे त्याचं पॉलिथीन होतं. काही प्लॅस्टिक तापवलं की पुन्हा मऊ होतं, उदाहरणार्थ बादली किंवा पाण्याची बाटली. काही एकदा घट्ट झालं की कायमचं घट्ट, जसं कुकरचं हँडल. भंगाराच्या धंद्यात हा फरक फार मोठा आहे. पहिलं वितळवून पुन्हा वापरता येतं, दुसरं नाही.

ते पहिल्यांदा कशासाठी बनवलं?

निसर्गातल्या महाग वस्तूंना पर्याय हवा होता म्हणून. एकोणिसाव्या शतकात बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असत. पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलर देऊ, असं अमेरिकेतल्या एका चेंडू बनवणाऱ्यानं जाहीर केलं. त्या खटपटीत १८६९च्या सुमारास जॉन वेस्ली हयात यांनी कापसातलं सेल्युलोज, नायट्रिक आम्ल आणि कापूर यांच्यापासून सेल्युलॉइड तयार केलं. कंगवे, बाहुल्या आणि चाकूच्या मुठी त्याच्या होऊ लागल्या.

पुढची गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. विजेच्या तारांना आणि उपकरणांना वीजरोधक लेप लागायचा. तो लाखेचा असे, आणि जगाची बरीचशी लाख भारतातल्या पळस, कुसुम, बोरीच्या झाडांवरच्या किड्यांपासून यायची. विजेचा प्रसार वाढला तशी ती पुरेना. बेल्जियममध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत स्थायिक झालेले लिओ बेकलंड लाखेला पर्याय शोधत होते. फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड यांना उष्णता आणि दाब देऊन १९०७ साली त्यांनी बेकेलाइट बनवलं. पूर्णपणे मानवनिर्मित असं हे पहिलं प्लॅस्टिक. जुन्या घरातलं काळं गोल बटण किंवा काळा जड टेलिफोन आठवत असेल, तर बेकेलाइट तुम्ही हाताळलेलं आहे.

बालगंधर्वांची पदं ज्या तबकड्यांवर घरोघरी पोचली त्याही लाखेच्याच होत्या. हातातून पडली की फुटायची. पुढे विनाइलच्या तबकड्या आल्या आणि लाख तिथूनही गेली. बांगड्यांतून मात्र ती अजून पूर्ण गेलेली नाही, याचा मला आनंद आहे.

सिनेमाचा आणि प्लॅस्टिकचा संबंध काय?

सिनेमाची फिल्म सेल्युलॉइडचीच होती. लवचीक, पारदर्शक, गुंडाळता येणारी पट्टी नसती तर चित्र हललं नसतं. दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच नायट्रेट फिल्मवर आहे. पण हे सेल्युलॉइड भयंकर ज्वालाग्राही असतं. जुनं झालं की चिकट होतं, त्याची पूडही होते. पुण्यात २००३ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि मूकपट-बोलपटांची बरीच रिळं जळून गेली. प्लॅस्टिक ‘अमर’ असतं असं आपण म्हणतो, पण पहिलं प्लॅस्टिक तसं नव्हतं. कोणतं प्लॅस्टिक आहे, हा प्रश्न दर वेळी विचारावा लागतो तो यासाठी.

विज्ञानाला प्लॅस्टिकनं काय दिलं?

आधी एक मोठी कल्पना दिली. रेणू इतके लांब असू शकतात हेच पूर्वी मान्य नव्हतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० साली महारेणूंची कल्पना मांडली, तेव्हा नामवंत सहकाऱ्यांनी ती उडवून लावली. १९५३ साली त्यांना नोबेल मिळालं. प्रथिनं आणि डीएनए हेही महारेणूच, म्हणजे ही कल्पना प्लॅस्टिकच्या पलीकडे फार दूर गेली.

पॉलिथीन मात्र अपघातानं सापडलं. १९३३ साली इंग्लंडमध्ये एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन प्रचंड दाबाखाली वेगळीच रासायनिक क्रिया तपासत होते. भांड्याच्या तळाशी पांढरा, मेणासारखा थर उरला. दुसऱ्या महायुद्धात विमानांत बसवलेल्या रडारच्या तारांना याच पदार्थाचं आवरण होतं. आज तीच वस्तू कोथिंबिरीच्या जुडीभोवती असते.

वैद्यकातली दोन उदाहरणं मला फार मोलाची वाटतात. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं, की युद्धात जखमी झालेल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या खिडकीचे ॲक्रिलिकचे कण गेले होते, तरी डोळा त्यांना झिडकारत नव्हता. त्यावरून २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी मोतीबिंदूच्या रुग्णाच्या डोळ्यात त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी संलग्न असलेल्या ऑरोलॅबनं १९९२पासून ही भिंगं अतिशय स्वस्तात बनवायला घेतली, तेव्हा ती गरिबांच्या आवाक्यात आली. आपल्या आजीच्या डोळ्यात ‘लेन्स टाकली’ असेल, तर ती आजी प्लॅस्टिकमधून आपल्याकडे बघते आहे.

दुसरं उदाहरण रक्ताच्या पिशवीचं. पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत साठवत. १९५०च्या सुमारास अमेरिकेत कार्ल वॉल्टर यांनी पीव्हीसीची पिशवी आणली. ती फुटत नाही. वेगानं फिरवून तिच्यातल्या रक्ताच्या लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळे करता येतात. डेंग्यूच्या रुग्णाला नुसत्या प्लेटलेट मिळतात त्या या पिशवीमुळे. प्लॅस्टिकमुक्त जग हवं असं कुणी म्हटलं की मला ही पिशवी आठवते, आणि मी त्या घोषणेत सामील होत नाही.

आपल्या घरात ते कसं शिरलं?

बायकांच्या डोक्यावरून, असं मला वाटतं. पितळेचा किंवा तांब्याचा हंडा रिकामाच काही किलो भरतो. मराठवाड्यात, माणदेशात उन्हाळ्यात दोन-दोन कोस पाणी आणणाऱ्या बाईला प्लॅस्टिकची घागर मिळाली तेव्हा तेवढं ओझं मानेवरून उतरलं. त्या घागरीला नाक मुरडण्याचा अधिकार नळाचं पाणी वापरणाऱ्यांना नाही.

मग नायलॉनची साडी आली, टेरिलीनचा शर्ट आला. इस्त्रीची कटकट गेली. काचेच्या बाटल्यांतलं दूध पिशवीत आलं. किराणा दुकानातला पुडा आणि त्याला गुंडाळलेला दोरा गेला. १९८०च्या दशकात शाम्पू एका रुपयाच्या पुडीत मिळू लागला आणि महागडी बाटली न परवडणाऱ्या घरीही तो पोचला. गावोगावच्या नाल्याकाठी चकाकणारा कचराही त्याच पुडीबरोबर आला.

काही प्लॅस्टिक भंगारवाला घेतो, काही घेत नाही. असं का?

सगळ्या पानावरचा एकच प्रश्न वाचणार असाल तर हा वाचा.

रस्त्यावर कुठलं प्लॅस्टिक पडलेलं दिसतं ते नीट पाहा. पाण्याची रिकामी बाटली फार वेळ पडून राहत नाही. फुटलेली बादली तर तासभरही नाही. मग पडून काय राहतं? वेफर्सचं चकचकीत पाकीट, शाम्पूची आणि पान मसाल्याची पुडी, भाजीची पातळ पिशवी, स्ट्रॉ. कचरावेचक ताई बाटली उचलते आणि पुडी सोडते, ती कंटाळा आला म्हणून नव्हे. पुडीला भाव नाही.

भाव का नाही? वेफर्सचं पाकीट एका पदार्थाचं नसतं. छपाईचा एक थर, ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा, आतून पॉलिथीन किंवा पॉलिप्रॉपिलीन, हे सगळं एकत्र चिकटवलेलं असतं. ते वेगळं करायला जो खर्च येतो, तो निघणाऱ्या मालाच्या किमतीपेक्षा जास्त आहे. पातळ पिशवीचं कारण वेगळं. ती एकाच पदार्थाची असते, पण वजन नसतं. एक किलो भरायला साधारण दोनशे पिशव्या वाकून उचलाव्या लागतात, तेही त्या मळलेल्या नसतील तर. लिटरच्या चाळीसेक बाटल्यांत किलो होतो. दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईनं काय उचलावं, हे तुम्हीच सांगा.

म्हणून कुठल्याही वस्तूबद्दल मला कुणी ‘हे पर्यावरणपूरक आहे का’ असं विचारलं, तर मी उलट विचारते, ‘टाकल्यावर हे कुणी विकत घेईल का?’ वेष्टन कशाचं करायचं हे ठरतं कंपनीत, आणि ते उचलायची जबाबदारी येते सगळ्यात कमी कमाई असलेल्या माणसावर. २०१६च्या केंद्रीय नियमांनी उत्पादकांवर आपलं वेष्टन परत गोळा करायची जबाबदारी टाकली आहे. तो नियम कागदावरून रस्त्यावर यायला हवा, यासाठी आपण आग्रह धरलाच पाहिजे.

हे काम करणारी माणसं कोण?

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बहुसंख्य दलित समाजातल्या बायका. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली आणि २००८ साली तिचा पुणे महापालिकेशी करार झाला. दारोदारचा कचरा गोळा करणं हे काम आता ओळखपत्रासह होतं. मुंबईत धारावीचं १३ कंपाऊंड प्रसिद्ध आहे. तिथे हातानं निवड होते, प्लॅस्टिकचा रंग आणि जात पाहून ढीग लागतात, माल दळून धुतला जातो आणि वितळवून त्याचा दाणा बनतो. कसलेला माणूस तुकडा वाकवून, आपटून किंवा थोडा जाळून वासावरून जात ओळखतो. मी ज्या विषयाची परीक्षा घेत होते, त्यात ही माणसं माझ्यापेक्षा पुढे आहेत. त्या धुराची किंमत त्यांची फुप्फुसं देतात, हेही तितकंच खरं.

बाटलीखालच्या त्रिकोणातला आकडा काय सांगतो?

प्लॅस्टिकची जात. १ म्हणजे पेट (पाण्याची बाटली), २ कडक पॉलिथीन (डबे, कॅन), ३ पीव्हीसी, ४ मऊ पॉलिथीन (दुधाची पिशवी), ५ पॉलिप्रॉपिलीन (हॉटेलातून जेवण येतं तो डबा), ६ पॉलिस्टायरीन, थर्मोकोल त्यातच, आणि ७ बाकीचं सगळं. बाणांचा त्रिकोण पाहून ‘याचा पुनर्वापर होतोच’ असं लोक समजतात. तसा त्याचा अर्थ नाही. १, २, ४ आणि ५ ला आपल्याकडे गिऱ्हाईक मिळतं, बाकीच्यांना अवघड.

पण रिसायकल होतं ना सगळं?

नाही. रोलंड गेयर, जेना जॅम्बेक आणि कारा लॅव्हेंडर लॉ यांनी २०१७ साली जगाचा हिशोब मांडला. २०१५पर्यंत सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनलं, त्यातल्या ६३० कोटी टनांचा कचरा झाला. या कचऱ्यापैकी ९ टक्के पुनर्प्रक्रियेत गेला, १२ टक्के जाळला आणि ७९ टक्के कचरा डेपोत किंवा उघड्यावर पडला आहे. शिवाय प्रत्येक वेळी वितळवताना साखळ्या तुटतात, दर्जा घसरतो. बाटलीची बहुधा पुन्हा बाटली होत नाही, धागा होतो. त्या धाग्याच्या कापडाचं पुढे काय, याला आज चांगलं उत्तर नाही.

महाराष्ट्रात बंदी नेमकी कशावर आहे?

आधी ती का आली ते आठवू. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. इतका पाऊस कुठल्याच शहरानं सहज पेलला नसता. मिठी नदीवरची अतिक्रमणं होती, भरतीची वेळ होती. पण तुंबलेल्या गटारांतून निघालेल्या पिशव्याही सगळ्यांनी पाहिल्या, आणि त्यानंतर राज्यानं पातळ पिशव्यांवर नियम केले. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं बंदी खूपच रुंदावली: पिशव्या, थर्मोकोलची ताटं-वाट्या, सजावटीचं थर्मोकोल. दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या वर्षीपासून गणपतीची थर्मोकोलची मखरं मागे पडली आणि कापड, पुठ्ठा, बांबू परत आला. मला हा बदल मनापासून आवडला, कारण पूर्वीही आपली मखरं तशीच होती.

१ जुलै २०२२पासून देशभर एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर बंदी आहे: स्ट्रॉ, चमचे, कप, ताटल्या, कानकोरण्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या, मिठाईच्या खोक्यावरचं पातळ आवरण वगैरे.

बंदी आहे तर केंद्राच्या नियमात १२० मायक्रॉनची जाड पिशवी का चालते?

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो. पिशवी जाड झाली की ती महाग होते, दुकानदार फुकट देत नाही, आपण परत वापरतो आणि शेवटी भंगारात तिचं वजन भरतं. वरचा भावाचा मुद्दा लक्षात असेल तर हा नियम लगेच पटतो.

कागदी कप आणि कापडी पिशवी चांगली ना?

कागदी कप नुसत्या कागदाचा असता तर चहा गळला असता. आतून पॉलिथीनचा पातळ थर असतो. २०२० साली आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी दाखवलं, की अशा कपात १०० मिली गरम द्रव १५ मिनिटं ठेवला तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिककण उतरतात. टपरीवर काचेचा ग्लास मागा.

कापडी पिशवी चांगली, पण वापरली तर. कापसाला पाणी, खत आणि औषध लागतं. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं २०११ साली हिशोब केला, की हवामानावरचा भार पाहिला तर सुती पिशवी १३१ वेळा वापरल्यावर ती एकदाच वापरलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीला येते. समारंभात मिळालेल्या वीस कोऱ्या कापडी पिशव्या कपाटात पडल्या असतील तर त्यात पर्यावरणाची सेवा काही झालेली नाही. जुन्या साडीची किंवा पँटची शिवलेली पिशवी सगळ्यात उत्तम.

‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी घरच्या खतात टाकू का?

बहुतेक वेळा नको. मका किंवा उसापासून केलेलं पीएलए नावाचं प्लॅस्टिक कुजायला साधारण ६० अंश तापमान सलग लागतं, ते मोठ्या प्रकल्पात मिळतं. गच्चीतल्या ड्रममध्ये ती पिशवी महिनोन्‌महिने तशीच राहील. आणि भंगारात गेली तर चांगल्या पॉलिथीनचा अख्खा घाणा बिघडवेल.

थंडीत शेकोटीत थोडं प्लॅस्टिक टाकलं तर काय होतं?

कृपा करून टाकू नका. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराईड निघतो, घसा आणि डोळे जळतात. उघड्यावरच्या कमी-जास्त आचेत डायॉक्सिन ही विषारी रसायनं तयार होतात. ती चरबीत साठतात आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध सिद्ध झालेला आहे. शेकोटीभोवती लहान मुलं बसलेली असतात.

शेतातल्या प्लॅस्टिकचं काय?

ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचं अस्तर, शेडनेट यांनी कोरडवाहू भागाला जे दिलं ते नाकारता येणार नाही. जळगावच्या केळीला आणि नाशिकच्या द्राक्षाला थेंबाथेंबानं पाणी मिळतं ते पॉलिथीनमुळे. नळी वर्षानुवर्षं चालते आणि शेवटी विकली जाते. काळजी मल्चिंग पेपरची, म्हणजे पिकाभोवतीची माती झाकायला अंथरतात त्या प्लॅस्टिकच्या कागदाची. तो फार पातळ असतो, एका-दोन हंगामांत फाटतो, तुकडे मातीत नांगरले जातात. थोडा जाड कागद घेतला तर तो अखंड गुंडाळून काढता येतो. खर्च वाढतो हे मान्य, पण मातीतून तुकडे वेचून काढायचं यंत्र कुणाकडे नाही.

मायक्रोप्लॅस्टिक खरंच इतकं घातक आहे का?

पाच मिलिमीटरहून लहान कणांना हे नाव आहे. रिचर्ड थॉम्पसन यांनी २००४ साली ते रूढ केलं. २०२२ साली नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लॅस्टिक आढळलं. २०२४ साली इटलीतल्या अभ्यासात मानेच्या रक्तवाहिनीत साठलेल्या चरबीच्या थरात ज्यांच्या प्लॅस्टिककण होते, त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचार पट दिसला. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नाही. ‘आपण दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो’ हा व्हॉट्सॲपवरचा आकडा मात्र पुढे पाठवू नका. नंतरच्या हिशोबांत तो फारच फुगलेला निघाला. गरम अन्न प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नये, मायक्रोवेव्हमध्ये त्यात तापवू नये, एवढं आजच्या माहितीवर ठामपणे सांगता येतं.

समुद्रात जातं ते कुठून?

नद्यांतून, किनाऱ्यावरून, तुटलेल्या मासेमारी जाळ्यांतून आणि जहाजांतूनही. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे जहाज बुडालं आणि प्लॅस्टिकचा कच्चा दाणा केरळच्या किनाऱ्यांवर पसरला. वाळूतून मसुराएवढा दाणा वेचणं किती कठीण आहे याची कल्पना करा. वर्सोव्याचा किनारा २०१५पासून लोकांनी हातानं साफ केला आणि मार्च २०१८मध्ये तिथे ऑलिव्ह रिडली कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना दिसली. मी ती बातमी दोनदा वाचली. प्लॅस्टिकवरच्या जागतिक कराराची बोलणी मात्र ऑगस्ट २०२५मध्ये जिनिव्हात तोडग्याशिवाय संपली. उत्पादनावरच मर्यादा घालायची का, इथे देश अडले.

प्लॅस्टिक खाणारा जिवाणू सापडलाय म्हणे?

हो. जपानमधल्या साकाई शहरात, २०१६ साली. तो फक्त पेट खातो, तेही हळूहळू. पिशव्या खात नाही.

आणि प्लॅस्टिकचे रस्ते?

मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची पद्धत. गरम खडीवर प्लॅस्टिकचा कीस टाकला की खडीला पातळ लेप बसतो आणि डांबर घट्ट धरतं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भाव नसलेल्या पिशव्या आणि पाकिटं इथे चालतात, म्हणून मला ही पद्धत महत्त्वाची वाटते. पीव्हीसी मात्र त्यात अजिबात जाऊ नये.

घरी एकच गोष्ट करायची तर कोणती?

दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून टाकू नका. एका बाजूला अर्धा सेंटिमीटर तसाच जोडलेला ठेवा. पूर्ण कापला की तो नखाएवढा त्रिकोण मोरीतून थेट नाल्यात जातो, आणि त्याला वजन नसल्यामुळे पुढे कुणीच तो उचलू शकत नाही. पिशवी पाण्यानं विसळून चिमट्याला अडकवून वाळवा आणि महिन्याचा गठ्ठा कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात वेगळा द्या. कोरड्या, स्वच्छ पिशवीला त्यांना चांगला भाव मिळतो.